चार हात पुढची जमीन

साधू-साध्वींच्या आचारात सांगितलेल्या पाच समित्यांपैकी पहिली ईर्यासमिती. चालताना पुढची साधारण चार हात जमीन नजरेने तपासावी, तिथे कोणता जीव आहे, कोणता अंकुर आहे हे पाहावे आणि मगच पाऊल टाकावे, हा तिचा साधा अर्थ. श्रावकाकडून एवढ्या काटेकोरपणाची अपेक्षा केलेली नाही. तरीही घरातील सहा माणसांना घेऊन दूरच्या प्रवासाला निघणाऱ्या गृहस्थाला नियोजनाची याहून नेमकी व्याख्या सापडणे कठीण. पुढचे सगळे दिसत नाही. परंतु चार हात तरी दिसतात, आणि तेवढे पाहिल्यावाचून पाऊल उचलायचे नाही.

गारखेडा परिसरातील एका कुटुंबाला या व्याख्येचा प्रत्यय २०२४ साली आला. घरात आजी-आजोबा, मुलगा-सून, नववीतील नात आणि चौथीतील नातू. आजोबा चिकलठाण्याच्या एका कारखान्यातून लेखापाल म्हणून निवृत्त झालेले, मुलगा वाळूजला नोकरीस. आजींच्या माहेरचे मूळ गाव जैसलमेर आणि पोकरण यांच्या दरम्यान कुठेतरी होते. विक्रम संवत १९५६ मध्ये, म्हणजे इ. स. १८९९-१९०० मध्ये पडलेला दुष्काळ राजस्थानात आजही ‘छपनिया’ या नावाने ओळखला जातो. त्या दुष्काळात आजींचे आजोबा पाण्यावाचून गाव सोडून निघाले आणि मजल दरमजल करीत पुढे जालन्यास स्थायिक झाले. त्या भूमीचे एकदा दर्शन घ्यावे, लोद्रव्याच्या पार्श्वनाथांपुढे हात जोडावेत आणि पूर्वजांनी तुडवलेल्या वाळूवर थोडे पायी चालावे, ही आजींची अनेक वर्षांची भावना. त्यात डॉक्टरांनी डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात गुडघ्याच्या शस्त्रक्रियेची तारीख दिली. शस्त्रक्रियेनंतर वाळूवर चालणे जमेल की नाही, याची खात्री कोणी देईना. म्हणून यात्रा व्हायची तर त्यापूर्वीच व्हायला हवी, असे ठरले.

आणि नेमके त्याच वर्षी वाळवंटात पावसाने थैमान घातले. ऑगस्ट २०२४ मध्ये जैसलमेर जिल्ह्यात मुसळधार पाऊस झाला. किल्ल्याच्या तटभिंतीचा काही भाग ढासळल्याची छायाचित्रे वर्तमानपत्रांत आली. ज्या भूमीतून पाण्याअभावी पूर्वज निघाले, त्याच भूमीकडे जाताना पाण्यामुळे थांबायची वेळ वंशजांवर आली.

वाळवंटातील पाऊस वेगळा का?

छत्रपती संभाजीनगरात वर्षाला साधारण सातशे मिलिमीटर पाऊस पडतो. जैसलमेरची सरासरी दोनशे मिलिमीटरच्याही आत आहे. तेव्हा थोडा अधिक पाऊस पडला तर बिघडले कुठे, असे मराठवाड्यातील माणसास सहज वाटते. पण नदी-नाले, मोऱ्या, पूल आणि घरे ही नेहमीच्या पावसाचा अंदाज घेऊन उभी राहिलेली असतात. जिथे पाण्याला वाट देण्याची गरजच क्वचित पडते, तिथे ते एकदम आले की आपली वाट आपणच काढते.

याचे सर्वांत दुःखद उदाहरण शेजारच्या बाडमेर जिल्ह्यातील आहे. ऑगस्ट २००६ मध्ये तिथे तीन-चार दिवसांत वर्षाच्या सरासरीहून अधिक पाऊस कोसळला. कवास आणि आसपासची गावे पाण्याखाली गेली आणि शंभराहून अधिक माणसे दगावली. पाऊस थांबल्यावरही पाणी ओसरेना. वाळूच्या खाली जिप्समचा थर होता, त्यामुळे पाणी जमिनीत मुरतच नव्हते. कित्येक आठवडे ते तसेच साचून राहिले आणि पंप लावून उपसावे लागले. वाळू म्हणजे सारे पाणी पिऊन टाकणारी जमीन, ही समजूत त्या वर्षी खोटी ठरली.

हा प्रकार केवळ राजस्थानापुरता नाही. लडाख हे थंड वाळवंट. तिथे ऑगस्ट २०१० मध्ये एका रात्रीच्या ढगफुटीने लेह परिसरात दोनशेहून अधिक बळी घेतले. १६ एप्रिल २०२४ रोजी संयुक्त अरब अमिरातीत अल ऐनजवळ एका दिवसाच्या आत सुमारे २५४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. १९४९ पासूनच्या तेथील नोंदींत इतका पाऊस कधीच झाला नव्हता. दुबईत राहणाऱ्या अनेक मराठी कुटुंबांनी त्या दिवशी आपल्या इमारतीखाली तरंगणाऱ्या मोटारी पाहिल्या. २०१८ मध्ये दोन चक्रीवादळांनी अरबस्तानच्या निर्जन वाळवंटात पाऊस पाडला. त्या ओलाव्यावर टोळांच्या पिढ्यांमागून पिढ्या वाढल्या, २०१९ मध्ये टोळधाड जैसलमेरवर आली आणि मे २०२० मध्ये विदर्भातील संत्र्यांच्या बागांपर्यंत पोहोचली. वाळवंटातला पाऊस कुठे पडतो आणि त्याचे फळ कुणाच्या पदरी येते, याचा हिशेब असा लांबवर जातो.

हिरव्या वाळवंटाचा मोह

संकटाची ही बाजू खरी. पण मोहाची बाजूही तितकीच खरी होती. पर्युषणाच्या आसपास नातीने मोबाइलवर हिरव्यागार झालेल्या टेकड्यांची छायाचित्रे घरात दाखवायला सुरुवात केली. सेवण गवत वर आले होते, सखल भागांत तळी साचली होती. ‘असे वाळवंट पुन्हा कधी दिसणार?’ हा तिचा प्रश्न निरुत्तर करणारा होता. एका प्रवासी व्यावसायिकाने त्याच सुमारास सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यासाठी सवलतीचा दर सांगितला. मुलाची रजाही त्या आठवड्यात मंजूर होण्यासारखी होती. दोन दिवसांत आगाऊ रक्कम भरली नाही तर दर वाढेल, असेही कळवण्यात आले.

एका सायंकाळी, सूर्यास्तापूर्वीचे जेवण आटोपल्यावर, घरात यावर चर्चा झाली. मुलगा म्हणाला, “बाबा, पाऊस ऑगस्टमध्ये झाला. आपण दीड महिन्याने जाणार. तोवर रस्ते सुरळीत होतील.” सुनेचे म्हणणे व्यवहाराचे होते. दिवाळीच्या सुट्टीत गेले तर गर्दी आणि दर दोन्ही दुप्पट, सुट्टीनंतर गेले तर मुलांची शाळा बुडणार. आजींनी सारे ऐकून घेतले आणि एवढेच म्हटले, “चातुर्मासात गाव सोडायचे नाही, असा माझा नियम आहे. तो तुमच्यावर लादत नाही. तुम्ही सगळे जाऊन या.”

ज्यांच्यासाठी यात्रा, त्याच मागे राहणार, हे कुणालाच मान्य होण्यासारखे नव्हते. तरीही आजोबांनी निर्णय केवळ भावनेवर सोडला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी वही काढली.

हवामान खात्याच्या वेळापत्रकानुसार नैर्ऋत्य मोसमी पाऊस देशातून माघारीस निघतो तो पश्चिम राजस्थानातूनच, आणि त्याची सर्वसाधारण तारीख १७ सप्टेंबर आहे. ही तारीख माघारीच्या आरंभाची आहे, समाप्तीची नव्हे. म्हणजे सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात तिथे पाऊस संपला आहे, असे गृहीत धरणे चुकीचे होते. प्रत्यक्षात २०२४ मध्ये ही माघार २३ सप्टेंबरला सुरू झाली. सवलतीचा दर नेमका त्या अनिश्चित आठवड्यासाठीच का होता, याचा उलगडा मग झाला.

आजोबांनी जैसलमेरमधील एका धर्मशाळेच्या व्यवस्थापकांना दूरध्वनी करून चार प्रश्न विचारले: कोणते रस्ते खचले आहेत, पाणी कुठे साचले आहे, पिण्याचे पाणी कुठून येते आणि गावात तापाचे रुग्ण किती आहेत. उत्तर मोकळेपणाने मिळाले. मुख्य रस्ते चालू आहेत. पण टेकड्यांमधल्या खोलगट जागांत पाणी आहे, चिखल आहे आणि डासही आहेत. “सेठजी, दिवाळी होऊ द्या, मग निवांत या,” असा सल्लाही त्यांनी दिला.

डासांचा उल्लेख आजोबांनी वहीत अधोरेखित केला. १९९४ मध्ये मोठ्या पावसानंतर पश्चिम राजस्थानात हिवतापाची भयंकर साथ आली होती. कोरड्या प्रदेशात साचलेले पाणी हे डासांना मिळालेले आयते घर असते आणि तिथल्या लोकांच्या शरीरास या रोगाचा सरावही कमी असतो. शस्त्रक्रियेला तीन महिने उरलेल्या सदुसष्ट वर्षांच्या बाईंना अशा ठिकाणी नेणे म्हणजे जोखीम जाणूनबुजून घेणे होते.

आणखी एक गोष्ट त्यांना धर्मग्रंथात नव्हे, त्या हिरव्या छायाचित्रांतच दिसली. पाऊस पडताच वाळवंटात जीवसृष्टी एकदम उफाळून येते. वर्षभर निद्रिस्त असलेली बीजे अंकुरतात, वाळूतून कीटक वर येतात, छत्र्या उगवतात. मुनिजन चार महिने विहार थांबवतात ते याचसाठी. ज्या हिरवळीच्या मोहाने माणसाला तिथे जावेसे वाटते, तीच हिरवळ पायांखाली येणार असते. महाराज कार्तिक पौर्णिमेनंतर विहारास निघतात. त्या पाठोपाठ आपणही निघावे, असे आजोबांनी सुचवले. नातीला ते पटले, असे म्हणता येणार नाही. ती दोन दिवस रुसून होती.

वहीतील तीन रकाने

कार्तिक पौर्णिमा १५ नोव्हेंबरला होती. १७ तारखेस निघावे असे ठरले, तिकिटे काढली गेली. आजोबांनी खर्चाची मांडणी ज्या पद्धतीने केली, ती कोणत्याही कुटुंबाने अनुसरावी अशी आहे. त्यांनी खर्चाचे निवास, प्रवास, भोजन असे नेहमीचे भाग न करता तीन वेगळे रकाने आखले: बेत रद्द झाल्यास पूर्ण परत मिळणारी रक्कम, अंशतः परत मिळणारी आणि मुळीच परत न मिळणारी. पहिल्या रकान्यात जितके अधिक ढकलता येईल तितके ढकलायचे, आणि तिसऱ्या रकान्यातील बेरीज गेली तरी घरात कुणी कुणाला दोष देणार नाही एवढीच ठेवायची, हा नियम.

त्या वेळच्या रेल्वे नियमांनुसार निश्चित आरक्षणाचे तिकीट सुटण्याच्या ४८ तासांहून आधी रद्द केल्यास ठरावीक किरकोळ रक्कम कापली जाई; ४८ ते १२ तासांत पाव भाडे, १२ ते ४ तासांत अर्धे भाडे आणि त्यानंतर सर्वच. म्हणून रद्द करण्याचा निर्णय घ्यायचाच झाला तर तो निघण्याच्या तीन दिवस आधी घ्यायचा, हे आजोबांनी दिनदर्शिकेवर लाल शाईने लिहून ठेवले. निवासासाठी धर्मशाळा निवडली. तिथे आगाऊ रक्कम नाममात्र होती. मुलाने प्रवासविमा घेण्याचे सुचवले. ते योग्यच होते. परंतु विमा उतरवण्यापूर्वीच जे संकट ज्ञात आहे, त्याची भरपाई साधारणतः मिळत नाही, याचीही नोंद वहीत झाली. एकूण अंदाजाच्या पाचव्या हिश्शाएवढी रक्कम ‘अकल्पित’ या शीर्षकाखाली बाजूला काढली गेली.

या रकान्यांची परीक्षा लवकरच झाली. १५ ऑक्टोबरला महाराष्ट्र विधानसभेच्या निवडणुकीचा कार्यक्रम जाहीर झाला आणि मतदानाची तारीख निघाली २० नोव्हेंबर. मतदान चुकवून यात्रेस जाणे आजोबांच्या तत्त्वात बसणारे नव्हते. मुलाच्या मते एका मताने काही अडत नव्हते. “चार मते,” आजोबांनी दुरुस्ती केली. सूनबाईंनी या वेळी सासऱ्यांची बाजू घेतली. मात्र मुलांच्या शाळेचे सहा दिवस बुडतील ते कसे भरून काढायचे, हेही आत्ताच ठरवा, असे बजावले. तिकिटे महिन्याभराहून अधिक आधी बदलली गेल्याने नुकसान किरकोळच झाले. नातीने वर्गशिक्षिकांकडून प्रवासवर्णनाचा प्रकल्प मागून घेतला आणि तिचा रुसवाही त्याबरोबर सरला.

पायांची तयारी

वाळूवर एक किलोमीटर चालणे हे सडकेवरच्या दोन किलोमीटरांसारखे वाटते, कारण प्रत्येक पाऊल मागे घसरते. ऑक्टोबरच्या आरंभापासून सर्वांनी पहाटे गारखेड्याच्या विभागीय क्रीडा संकुलात फिरण्यास सुरुवात केली. आजींनी फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्याने सपाट जागेवर दहा मिनिटांपासून आरंभ केला आणि महिन्याभरात पस्तीस मिनिटांपर्यंत मजल नेली. मुलगा आणि नात रविवारी दौलताबादच्या किल्ल्यावर चढून येत. हे कुटुंब दरवर्षी कचनेरच्या चिंतामणी पार्श्वनाथांच्या दर्शनास जाते. लोद्रव्यासही सहस्रफणा चिंतामणी पार्श्वनाथच विराजमान आहेत. आजींच्या दृष्टीने ही घरापासून निघून पुन्हा घरीच पोहोचणारी वाट होती.

चालण्याचा मूळ बेत महत्त्वाकांक्षी होता. लोद्रव्याहून पश्चिमेकडे दोन दिवस पायी, मध्ये तंबूत मुक्काम. तो आजोबांनी आणि मुलाने मिळून बदलला. तंबू रद्द झाला. वाळवंटातील कोरडे ओढे आणि ‘खडीन’ या दोन्ही जागा मुक्कामास सपाट आणि सोयीच्या दिसतात, आणि मोठ्या पावसानंतर त्याच सर्वांत अविश्वसनीय असतात. खडीन म्हणजे उतारावरचे पाणी बांध घालून अडवायचे, जमिनीत मुरू द्यायचे आणि त्या ओलीवर रब्बीचे पीक घ्यायचे, ही जैसलमेरच्या पालीवाल ब्राह्मणांनी शतकांपूर्वी रूढ केलेली पद्धत. ती शेते आहेत. मोकळी मैदाने नव्हेत. ओल्या वर्षी नोव्हेंबरमध्ये तिथे पेरणी झालेली असते. परक्याच्या शेतातून पायवाट काढणे हे जीवदयेच्या दृष्टीने जितके अयोग्य, तितकेच शेतकऱ्याच्या दृष्टीनेही.

उंटाच्या सफरीबाबतही विचार झाला. उंटाचा रुंद, गादीसारखा पाय वाळूसाठी घडलेला आहे. ओल्या चिकणमातीवर तो घसरतो आणि पडल्यास पाय मोडून घेतो. जनावरावर ओझे होऊन बसण्यास घरात आधीच कुणी राजी नव्हते, त्यामुळे हा प्रश्न चटकन सुटला.

चालण्याचे नियम पुठ्ठ्यावर लिहून पिशवीत ठेवले गेले. पहाटे निघायचे आणि दहापर्यंत परतायचे. माणशी पाणी चार लिटर, तेही उकळून गाळलेले. पाणी गाळून आणि उकळून पिण्याचा घरचा परिपाठ पुरानंतरच्या प्रदेशात आरोग्याचेही रक्षण करतो, हे वेगळे सांगायला नको. घोट्याच्या वर येणारे बूट. कारण वाळवंटात फुरसे आढळते आणि ते आकाराने लहान असले तरी त्याचा दंश प्राणघातक ठरू शकतो. हातात काठी, अंधारात विजेरी. स्थानिक वाटाड्यावाचून टेकड्यांकडे जायचे नाही. मोबाइलची सेवा मिळेलच असे नाही, म्हणून कुठे चाललो आणि केव्हा परतणार हे धर्मशाळेत सांगून निघायचे. सीमेलगतच्या अधिसूचित भागात आणि वाळवंट राष्ट्रीय उद्यानात परवानगीखेरीज पाऊल टाकायचे नाही. हे उद्यान ३,१६२ चौरस किलोमीटरचे असून माळढोक पक्ष्याचा तो अखेरचा मोठा आसरा आहे. सोलापूरजवळच्या नान्नजला एके काळी हमखास दिसणारा हा पक्षी महाराष्ट्रातून जवळपास नाहीसा झाला. उरलेल्यांची शांतता पर्यटकांच्या हौसेसाठी मोडू नये.

एक अडचण निव्वळ आपल्या घरांतली होती. सम येथील टेकड्यांवर पर्यटक जातात ते सूर्यास्त पाहण्यासाठी, आणि नोव्हेंबरात तिथे सहाच्या आतच सूर्य मावळतो. सूर्यास्त पाहावा तर चौविहार कसा साधावा? सूनबाईंनी तोडगा काढला. सूर्यास्ताऐवजी सूर्योदय पाहायचा, आणि तोही गर्दीच्या समऐवजी खुडीच्या बाजूला.

प्रत्यक्ष प्रवास

मतदान करून, बोटावरची शाई ताजी असतानाच मंडळी मुंबईमार्गे रेल्वेने निघाली. पहिला दिवस त्यांनी विश्रांतीसाठी ठेवला आणि सायंकाळी फक्त गडीसर तलावावर फेरी मारली. चौदाव्या शतकात रावळ गडसींनी नव्याने बांधून काढलेला हा तलाव म्हणजे शहराची शतकानुशतकांची तहान भागवणारा आधार. त्या वर्षी तो तुडुंब होता.

दुसऱ्या दिवशी किल्ला. रावळ जैसलांनी ११५६ मध्ये वसवलेला हा किल्ला आजही नांदता आहे; माणसे पिढ्यानपिढ्या आत राहतात. वर पिवळा वालुकाश्म आणि खाली मातीसारखे मऊ थर, अशी त्याच्या टेकडीची घडण आहे. घरोघरी नळ आले, सांडपाणी वाढले आणि झिरपणाऱ्या पाण्याने पाया पोखरला जाऊ लागला. १९९६ मध्येच तो जगातील धोक्यातील वास्तूंच्या एका यादीत आला होता. २०१३ मध्ये राजस्थानच्या इतर डोंगरी किल्ल्यांसह जागतिक वारसा ठरला. ढासळलेल्या भिंतीच्या बाजूस वाटाड्याने त्यांना नेले नाही, आणि कुणी आग्रहही धरला नाही.

किल्ल्यातील जिनमंदिरांचे शिल्प अप्रतिम आहे. परंतु आजोबांचा अधिक वेळ गेला तो संभवनाथ मंदिराखालच्या ज्ञानभांडारापाशी. पंधराव्या शतकात आचार्य जिनभद्रसूरींनी स्थापलेल्या या भांडारात ताडपत्रांवरील प्राचीन हस्तलिखिते जपलेली आहेत. विसाव्या शतकाच्या मध्यास मुनी पुण्यविजयजींनी तिथे राहून त्यांची शास्त्रशुद्ध व्यवस्था लावली. ही ताडपत्रे इतकी शतके टिकली, त्यात माणसांच्या निष्ठेइतकाच वाटा वाळवंटाच्या कोरड्या हवेचा आहे. आपल्याकडील दमट हवेत जी पाने बुरशीने संपली असती, ती इथे वाचली. पाऊस वाढत गेला तर या ग्रंथांचे रक्षण कसे होईल, हा प्रश्न आजोबांनी वहीच्या शेवटच्या पानावर लिहिला. त्याचे उत्तर एका कुटुंबाकडे नाही. समाजाने मिळून शोधावे असे ते आहे.

तिसऱ्या दिवशी अमरसागरचे आदिनाथ मंदिर पाहून मंडळी लोद्रव्यास पोहोचली. जैसलमेरपूर्वीची भाटी राजांची ही राजधानी. येथील मंदिराचा जीर्णोद्धार सतराव्या शतकात थाहरू शाह भणसाळी यांनी केला. दर्शनानंतर, ठरल्याप्रमाणे, काक नदीच्या पात्राच्या कडेने पायी चालायचे होते. पात्र कोरडे होते. पण वाटाडा काठीने पुढे टोचत गेला आणि वीस पावलांवर थांबला. वरची पापुद्र्यासारखी माती तडकलेली, पांढरी, भक्कम दिसत होती. काठी मात्र वीतभर आत गेली आणि ओली होऊन बाहेर आली. तीन महिन्यांनंतरही पाणी आत होते. ती वाट सोडून देण्यात आली. नातवाने काठीला लागलेला चिखल बोटाने पाहिला आणि विचारले, “आजोबा, आपण सप्टेंबरमध्ये आलो असतो तर?” कुणी उत्तर दिले नाही. देण्याची गरजही नव्हती.

चौथ्या दिवशी आकलचे जीवाश्म उद्यान झाले. अठरा कोटी वर्षांपूर्वीच्या वृक्षांची शिळा झालेली खोडे तिथे उघड्यावर पडली आहेत. जिथे आज सावलीस झाड सापडत नाही, तिथे एके काळी दमट, घनदाट अरण्य होते. वाळवंट हीदेखील या भूमीची कायमची अवस्था नव्हे, एवढे ती खोडे सांगतात.

पाचव्या पहाटे खुडीजवळच्या टेकड्यांवर आजी चालल्या. किती चालल्या? नातीच्या मोबाइलवरील मोजणीनुसार तेराशे पावले, म्हणजे एक किलोमीटरही नाही. सप्टेंबरातली हिरवळ तोवर सोनेरी झाली होती. सेवण गवत वाळून उभे होते आणि त्याच्या बुंध्यांशी रात्रीच्या किड्यांच्या नाजूक माळा वाळूवर उमटल्या होत्या. आजी त्या माळा चुकवीत, काठी टेकीत, पाहून पाऊल ठेवीत चालल्या. टेकडीच्या माथ्यावर त्या बसल्या, तेव्हा सूर्य वर आला. “माझे आजोबा इथून पाणी नाही म्हणून निघाले होते,” त्या नातीला म्हणाल्या. “आपण पाणी ओसरेपर्यंत थांबलो, एवढेच.” नातीने ते वाक्य आपल्या प्रकल्पाच्या पहिल्या पानावर लिहिले.

गारखेड्यास परतल्यावर आजोबांनी वही मिटवण्यापूर्वी हिशेब पूर्ण केला. ‘अकल्पित’ खात्यातील बहुतांश रक्कम शिल्लक होती. ती त्यांनी शस्त्रक्रियेच्या खर्चात वर्ग केली. शस्त्रक्रिया ठरलेल्या दिवशी, व्यवस्थित पार पडली.

घरात येणाऱ्या प्रत्येक बेतापुढे आता एक प्रश्न उभा राहतो, आणि तो विचारण्याचा मान नातवाने स्वतःकडे घेतला आहे. चार हात पुढची जमीन पाहिली का? ज्याने ती पाहिली, त्याला थांबावे लागले तरी पश्चात्ताप होत नाही, आणि निघावे लागले तरी भय वाटत नाही.